कायद्याचे नऊ महिने

डाळीच्या कारखान्यात मी हजेरीबाबू होतो तेव्हा माझं वय चोवीस होतं, आणि तिथल्या एकाही बाईचं वय चाळिसाच्या खाली नव्हतं. निदान माझ्या रजिस्टरात तरी नव्हतं.

कारखाना नागपूरला कामठी रोडवर होता. तूर भरडायचं इंजिन एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला लांबच लांब पडवी. त्या पडवीत तीसेक बायका डाळ पाखडत, निवडत बसायच्या. मी बेसाहून सायकलीने यायचो. तेव्हा बेसा म्हणजे निव्वळ खेडं, रस्त्याने बैलगाड्या आणि म्हशी. सकाळी फाटकाशी टेबल मांडून बायकांची हजेरी घ्यायची, आणि दिवसभर शेठजी सांगतील ते लिहायचं, असं माझं काम.

आमचे शेठजी वाईट माणूस नव्हते. एखाद्या मजुराच्या घरी मयत झाली तर लाकडं पाठवायचे, लग्न असलं तर डाळीचं पोतं. पण जे द्यायचं ते मनाने. कुणी 'हे द्यावंच लागेल' म्हटलं की त्यांच्या पोटात दुखायला लागायचं. आणि बाळंतपणाचा कायदा नेमकं तेच म्हणत होता. कारखान्यातली बाई बाळंत होणार असेल तर आधीचे चार आठवडे आणि नंतरचे चार आठवडे तिला घरी बसवून भत्ता द्यायचा. कायदा जुना होता, पण शेठजींना तो उशिरा कळला. शहरातल्या सदर भागात त्यांचे वकील बसायचे. भाडेकरूच्या भांडणासाठी त्यांच्याकडे गेले असताना वकिलांनी सहज विषय काढला, आणि शेठजी परत आले ते चेहरा पाडूनच.

"बाबू," मला म्हणाले, "बायका घरी बसतील अन् आपण पैसे द्यायचे. असा कायदा आहे म्हणे."

"मग आता काय करायचं?"

"तरण्या बायका ठेवायच्याच नाही. ज्यांच्या घरी सुना-जावई आले त्याच ठेवायच्या. तू सगळ्यायचं वय लिहून काढ."

मी लिहायला बसलो. बायकांना बातमी माझ्याआधी पोचली होती. त्यांच्यावर एक मुकादमीण होती. उंच, काळीसावळी, आवाज असा की इंजिन चालू असताना पडवीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. तिने रांग लावून दिली आणि प्रत्येकीला माझ्यासमोर उभं केलं.

"हिचं वय लिहा बाबू, बेचाळीस."

माझ्यासमोर वीस-बावीस वर्षांची पोरगी उभी होती. अजून गालावरची लव गेली नव्हती.

"बेचाळीस?"

"तिचं हाड बारीक आहे," मुकादमीण म्हणाली. "म्हणून वाटत नाई."

तिच्यामागे तिची आई होती. तिचं वय चव्वेचाळीस लागलं. दोन वर्षांची असताना आईने लेक जन्माला घातली, असं माझ्या रजिस्टराचं म्हणणं होतं. मी ते तसंच शेठजींपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत आकडे पाहिले, एकही चाळिसाच्या आत नाही म्हणून समाधानाने मान हलवली आणि सही केली. मुकादमिणीचं स्वतःचं वय तिने पन्नास सांगितलं होतं. खरं तर मोठ्या दुष्काळात ती रांगत होती, म्हणजे चाळिशी नुकतीच ओलांडलेली. पण तिची एक लेक कुही गावी दिली होती, त्यामुळे पन्नास शोभून गेलं.

एवढ्यावर शेठजींचं समाधान झालं नाही. वकिलांनी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. हा भत्ता मिळायला बाईचं आधी नऊ महिने सलग काम झालेलं असावं लागतं. पोटातल्या बाळाला नऊ महिने लागतात आणि कायद्यालाही नऊच. शेठजींनी यावर बोटांवर बराच हिशेब केला आणि तोड काढली. दर आठव्या महिन्यात सगळ्या बायकांची नावं तीन दिवस कमी करायची. चौथ्या दिवशी पुन्हा नवीन म्हणून लावायची. म्हणजे कुणाचेच नऊ महिने कधी भरणार नाहीत.

त्या वर्षी आठवा महिना पोळ्यात येत होता. शेठजी खूश झाले. पोळा, दुसऱ्या दिवशी मारबत, आणि तिसरा दिवस आरामाचा. बायकांना मी सांगितलं, सणाची तीन दिवस बिनपगारी सुट्टी आहे. त्यांना नवल वाटलं, कारण शेठजी पोळ्याला अर्धा दिवससुद्धा सोडायचे नाहीत. मी रजिस्टरात तीन दिवसांवर आडवी रेघ मारून 'नाव कमी' असं लिहिलं.

मारबतीच्या दिवशी सगळं नागपूर रस्त्यावर होतं. इतवारीतून काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठाले पुतळे निघाले होते, पोरं बडग्यांची बुजगावणी नाचवत ओरडत होती, आणि त्या गर्दीत आमचे शेठजी घामाघूम होऊन मला शोधत आले. लढाईचे दिवस होते. कामठीच्या छावणीकडून डाळीची मोठी मागणी आली होती आणि माल चार दिवसांत हवा होता.

"उद्या सगळ्या बायका कामावर पाहिजे," शेठजी म्हणाले.

"पण उद्या त्यांची नावं कमी आहेत ना?"

"नावं कमी आहेत, हात तर आहेत का नाही? निरोप दे."

मी सायकलवरून वस्त्यांमध्ये निरोप देत फिरलो. कोणी माहेरी गेली होती, कोणी शेतावर. मुकादमीण कुहीला लेकीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी पंधरा बायका आल्या, पंधरा आल्या नाहीत. शेठजी रागाने नुसते फणफणत होते. ज्या आल्या नाहीत त्या सगळ्यांना गैरहजेरीचा दंड लाव, म्हणाले, आणि यादी फाटकावर डकव. दंडाची नोटीस लावावी लागते हे त्यांना ठाऊक होतं. कायद्यातला तो भाग त्यांना पाठ होता.

आता मी खरं सांगतो. दंडाच्या रजिस्टरात पहिलं नाव लिहितानाच मला कळलं होतं. जिचं नाव कामावरून कमी केलंय, ती गैरहजर कशी असेल? आणि जी गैरहजर म्हणून दंड भरते, तिचं नाव कमी कसं झालं? एक तर नोकरीतला तो तीन दिवसांचा ब्रेक खोटा नाहीतर दंड खोटा. मी हे शेठजींना सांगू शकलो असतो. त्यांनी लगेच दंड मागे घेतला असता. पण आदल्याच आठवड्यात मी माझ्यासाठी पोळ्याची सुट्टी मागितली होती, तेव्हा ते म्हणाले होते, "तुले काहून पाहिजे गा? तू काय बैल आहे?" म्हणून मी गप्प बसलो. पंधरा नावं सुंदर अक्षरात लिहिली. यादी फाटकावर डकवली. सगळ्यात वर मुकादमिणीचं नाव होतं.

ती कुहीहून परतली आणि फाटकाशी थबकली. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव ओळखता यायचं. कुणालाही काही न विचारता तिने यादी अलगद उचकटली, घडी घातली आणि कमरेला खोचली.

"सुट्टी तुमीच देल्ली ना बाबू?" तिने विचारलं.

"दिली होती."

"मंग दंड कायचा?"

दंड कापला गेला.

यानंतर पाच महिने काही झालं नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं. पौष संपता संपता एके दिवशी दुपारच्या सुट्टीत मुकादमीण माझ्या टेबलाशी आली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून खाली बसली. नेहमीचा तो आवाज नव्हता.

"एक कागद लिहून द्या बाबू. शेठजीले द्यायचा आहे."

"कसला?"

तिने पदर नीट केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मी मूर्खासारखा विचारून बसलो, "कुणाचं?"

"कुनाचं म्हंजे? माहंच." ती जमिनीकडे पाहत बोलत होती. "मले वाटलं पाळी गेली असन. उमरच तशी. लेकीले सातवा आहे अन् मले आठवा. लेक माह्याशी बोलत नाई. जावयासमोर जायची लाज वाटते. पन भत्ता मी सोडनार नाई. पंधरा साल झाले मी इथं डाळ निवडून राहिली."

मी कागद लिहिला. शेठजींनी तो दोनदा वाचला. मग रजिस्टर मागवलं आणि पन्नास या आकड्यावर बोट ठेवलं.

"पन्नास वर्साची बाई बाळंत होते का?"

"होऊन राहिली ना," मुकादमीण म्हणाली.

"अन् नऊ महिने कुठं झाले? पोळ्याले तुहं नाव कमी केलं होतं. चौथ्या दिवशी नवीन लावलं. बाबूले विचार."

ती माझ्याकडे वळली. मी दौतीचं झाकण घट्ट करत बसलो.

बाळंत होईपर्यंत ती काम करत राहिली. मुलगा झाला. बातमी आली त्याच दिवशी शेठजींनी तिच्या घरी तूरडाळ, गूळ, डिंक आणि तुपाची बरणी पाठवली. मीच पोचवली. "तिले सांग," ते म्हणाले, "हे माझ्याकडून. भत्त्याचं नाव घ्यायचं नाही." तिने ते ठेवून घेतलं, मला गूळ-पाणी दिलं, आणि विसाव्या दिवशी बाळाला उराशी घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कचेरीच्या पायरीवर जाऊन बसली. साहेब बाहेर येईपर्यंत उठली नाही.

दहा दिवसांनी पत्र आलं. इन्स्पेक्टर साहेब अमुक तारखेला चौकशीला येतील, सगळी रजिस्टरं तयार ठेवावीत. शेठजी ते पत्र घेऊन सदरला गेले. मलाही नेलं, रजिस्टरं उचलायला. वकिलांनी हजेरीचं रजिस्टर पाहिलं, खूश झाले. मग दंडाचं उघडलं. पोळ्याच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"शेठजी, या बाईला तिसऱ्या दिवशी दंड केलात?"

"आली नाही ना ती."

"ती तुमच्याकडे नोकरीलाच नव्हती. तुम्हीच नाव कमी केलं होतं. दंड केलात म्हणजे नोकरी चालू होती हे तुमच्याच सहीने कबूल केलंत."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"तुले समजलं नाही का गा लिहिताना?"

"मी तुम्ही सांगितलं ते लिहिलं," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

वकील म्हणाले की आपण काही पाहिलं नाही, आणि चहा सांगायला बाहेर गेले. शेठजींनी वाटेतच नवीन रजिस्टर विकत घेतलं. दोन दिवस बसून मी दंडाचं सगळं रजिस्टर नव्यावर उतरवलं, ती पंधरा नावं गाळून. नवेपणा दिसू नये म्हणून ते चुनीच्या, म्हणजे डाळीच्या चुऱ्याच्या पोत्यात घालून वर बसलो, डाळीच्या भुशात लोळवलं, चहाचा एक डागही पाडला. जुनं शेठजींनी स्वतः इंजिनाच्या भट्टीत टाकलं. माझ्या हाताने मी काय करत होतो ते मला कळत होतं. घरी बायको होती, म्हातारे आईवडील होते, आणि नोकरी तेवढीच होती. आता ही कारणं सांगतोय. तेव्हा फक्त भीती होती.

चौकशीच्या दिवशी शेठजींच्या खोलीत आम्ही पाचजण होतो. इन्स्पेक्टर साहेब, शेठजी, वकील, मुकादमीण आणि मी. सहावं बाळ. तिने पडवीतलं एक सूप आणून त्यात धडुतं अंथरून त्याला निजवलं होतं. साहेब ठेंगणे, हळू बोलणारे. प्रत्येक पान उलटण्याआधी बोट रुमालाला पुसायचे.

वकिलांनी आधी वयाचा मुद्दा काढला. मालकाच्या रजिस्टराप्रमाणे बाई पन्नास वर्षांची आहे, या वयात प्रसूती संभवत नाही, सबब दावा संशयास्पद आहे.

साहेबांनी सुपाकडे पाहिलं. बाळ मूठ चोखत होतं.

"वकीलसाहेब, हे कोणाचं मग?"

वकिलांनी तो मुद्दा सोडला. शेठजींनी पुढचा उचलला. भत्ता तर आपण दिलाच आहे, म्हणाले. डाळ दिली, गूळ दिला, तूप दिलं, सगळ्याची किंमत धरली तर भत्त्यापेक्षा जास्तच होते.

"बाई, मिळालं हे?" साहेबांनी विचारलं.

"मिळालं साहेब. तूप लय चांगलं होतं."

"शेठजी, भत्ता रोख द्यायचा असतो. ती तुमची भेट झाली. भेट परत घेता येत नाही आणि भत्त्यातून कापता येत नाही."

मग नोकरीतल्या ब्रेकचा मुद्दा निघाला. हजेरीचं रजिस्टर पुढे झालं, 'नाव कमी' दाखवून झालं. साहेबांनी दंडाचं रजिस्टर मागितलं. माझं भुशात लोळवलेलं रजिस्टर त्यांनी हातात घेतलं, झटकलं, रुमालाने बोट पुसलं. पोळ्याच्या पानावर काही नव्हतं. वकील खुर्चीत मागे टेकले.

तेव्हा मुकादमिणीने कमरेची चंची सोडली, आणि तिच्यातून घडी घातलेला, घामाने पिवळा पडलेला कागद काढून टेबलावर ठेवला. फाटकावरची यादी. पंधरा नावं, तारीख, दंड, आणि खाली शेठजींची सही.

साहेबांनी यादी आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. दोन्हींवरून बोट फिरवलं.

"हे दोन्ही अक्षर एकाचंच आहे. कोणाचं?"

"माझं, साहेब."

"मग खरं कोणतं?"

शेठजी माझ्याकडे पाहत नव्हते, खिडकीबाहेर पाहत होते. मुकादमीणही पाहत नव्हती, ती बाळाच्या तोंडावरची माशी वारत होती. कुणी पाहत नसताना उत्तर द्यायचं म्हणजे फारच कठीण.

"कागद खरा आहे," मी म्हणालो. "रजिस्टर मागच्या आठवड्यात लिहिलं."

"आणि हा चहाचा डाग?"

"तोही मागच्या आठवड्यातलाच."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

शेठजींना पूर्ण भत्ता रोख द्यावा लागला. पंधरा जणींचा दंड परत करावा लागला, कारण सुट्टी देऊन दंड करता येत नाही. खोट्या रजिस्टराबद्दल खटला झाला आणि मॅजिस्ट्रेटने शेठजींना दंड केला. तो भरून आल्यावर बराच वेळ ते पावतीकडे पाहत बसले होते. मलाही साहेबांनी बोलावून कडक शब्दांत ऐकवलं, लिहून घेतलं, आणि पुन्हा असं झालं तर तुरुंग दाखवीन म्हणाले.

चौकशी झाली त्याच संध्याकाळी मी मुकादमिणीच्या घरी गेलो. मनातून मला वाटत होतं की ती काहीतरी चांगलं बोलेल. शेवटी माझ्या तोंडून खरं निघालं होतं. ती चुलीपाशी होती. तिची लेक आली होती, आठ दिवसांपूर्वी बाळंत झालेली, आणि खाटेवर दोन बाळं शेजारी शेजारी निजली होती, मामा आणि भाची.

"चहा घ्या बाबू," ती म्हणाली. मग चुलीत लाकूड सारत, मान वर न करता, "तुमी आधी खोटं लिवलं. मंग इचारल्यावर खरं बोलले. मी कागद ठेवला नसता तं?"

मी चहा प्यायलो आणि उठलो.

शेठजी मला काढून टाकतील अशी माझी खात्री होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं तेव्हा मी सायकलला हवा भरून ठेवली होती. पण वकिलांनी त्यांना सांगितलं होतं की साक्ष देणाऱ्या नोकराला काढलंत तर त्याचाही वेगळा ताप होईल. शेठजींनी टेबलावर एक जाड पुस्तक आपटलं. कारखान्याचे, पगाराचे, बाळंतपणाचे सगळे कायदे त्यात होते, इंग्रजीत.

"हे वाच," म्हणाले. "सगळं. अन् काय करायचं नाही ते मले आधी सांगत जा. केल्यावर नाही."

मी वाचलं. पुढची काही वर्षं शेठजी कुठलाही हुकूम देण्याआधी विचारायचे, "पुस्तक काय म्हणते?" कधी मी खरं सांगायचो, कधी पुस्तकापेक्षा थोडं जास्त. फाटकाशी पिण्याच्या पाण्याचे दोन रांजण सक्तीचे आहेत, असं मी सांगितलं होतं. एवढं स्पष्ट पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं.

मग माझी बायको बाळंत व्हायची झाली. घरी करणारं कोणी नव्हतं, आई अंथरुणाला खिळलेली. मी आठ दिवसांची सुट्टी मागायला गेलो. शेठजींनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाप्याले सुट्टी? पुस्तकात आहे?"

खोटं बोलायचा मोह मला फार झाला.

"नाही," मी म्हणालो. "नवऱ्यासाठी काहीच नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मंग जा," शेठजी म्हणाले. "आठ दिवस जा. पुस्तकात नाही म्हणून देऊन राहिलो."

मी आठ दिवस घरी राहिलो. तिसऱ्या दिवशी डाळ, गूळ, डिंक आणि तुपाची बरणी दारात आली. पगार मात्र कापला. बरोबर आठ दिवसांचा, एक आणाही जास्त नाही.